पाठीमागचा सलाम

अर्धा चढ झाला तेव्हा नायफामावशी दगडी पायरीवरच टेकल्या. खाली क्रीडागृहाचं पत्र्याचं छप्पर अजून दिसत होतं. हनादीने पिशवीतला तीळ लावलेला पाव पुढे केला.

"खा मावशी. सकाळपासून उपाशी आहात."

"त्या पोरीने तरी कुठं खाल्लंय?"

पोरगी म्हणजे लुजैन. वय एकोणीस. हातपाय तिचं ऐकत नाहीत, तोंडून शब्द फुटत नाही. पण चामडी चेंडू पांढऱ्या चेंडूच्या जवळात जवळ नेण्याच्या खेळात अम्मानजवळच्या या सॉल्ट गावात तिच्या तोडीचं कुणी नाही. मावशींनी वरून उघड्या, उतरत्या नळीत चेंडू ठेवायचा, लुजैन डोळ्यांनी खुणावेल तशी नळी डावी-उजवी करायची, मग ती कपाळाला बांधलेल्या काडीने चेंडू सोडायची. मदतनिसाने मात्र खेळाकडे पाठ करून बसायचं. वळून बघायचं नाही. शाळेत शिवण शिकवण्यातून मोकळ्या झाल्यापासून, तीन वर्षं, मावशी अशाच बसत आल्या होत्या. चेंडू कुठं गेला ते त्या लुजैनच्या तोंडावर वाचायच्या.

आज सामना बरोबरीत होता. जिंकली तर लुजैन अम्मानच्या संघात. शेवटच्या चेंडूसाठी नळी लावून झाली, आणि दारातून एक म्हातारे पाहुणे आत शिरले. शिरता शिरता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अस्सलामु अलैकुम!"

मावशी वळल्या. वळून उत्तर दिलं.

पंचांचा हात वर गेला. समोरच्याला एक जादा चेंडू मिळाला आणि लुजैन एका गुणाने हरली.

"एवढा हॉल भरला होता उत्तर द्यायला," हनादी म्हणाली. म्हणून झाल्यावर तिलाच वाईट वाटलं.

"सलाम कानावर पडला की मान आपोआप वळते गं. पंचांनाही तेच सांगितलं मी. म्हणाले, उत्तर मीही दिलं हो आजी, पण मनात." मावशी हसल्या आणि लगेच डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसू लागल्या. "ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने डोळेच मिटून घेतले. तीन वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदा. मी विचारलं, दुसरं कुणी बसवू का? उघडलेच नाहीत. आता मी वाचू काय?"

मदतनिसांची यादी हनादीच करते. पुढच्या महिन्यात निवडीची आणखी एक संधी होती, पण नळीसाठी त्या यादीत एकच नाव होतं, मावशींचं.

"अल्लाहला ठाऊक आहे, मावशी, तुम्ही मुद्दाम नाही केलंत."

"त्याला ठाऊक आहे. तिला ठाऊक आहे का?"

मग मावशींनी हनादीचं मनगट धरलं.

"माझं एक काम कर. उद्यापासून सरावाला माझ्या पाठीमागे उभी राहा आणि सलाम करत जा. मोठ्यानं, दारातून आल्यासारखा. मी उत्तर मनातच देईन. आणि एकदा जरी मान वळली ना, तर यादीतून माझं नाव खोड."