पट्टीवरचे ठसे

साठ सालच्या सुमारास मी बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागलो. सातवीत शाळा सुटलेली, गाव लांब; तिथल्या प्रत्येक वस्तूला हात लावायची भीती वाटे. मिठाच्या पाण्यात पोलादाच्या पट्ट्या बुडवायच्या, पाण्यात एखादं सेंद्रिय द्रव्य घालायचं आणि गंज किती थांबतो ते बघायचं, असं काम चाले. ते करणाऱ्या गृहस्थांना सगळे अण्णा म्हणत; नाव मी कधी विचारलं नाही. हाताच्या घामानेही पोलाद गंजतं, म्हणून ते पट्टी चिमट्यानेच उचलत.

बायको गेली त्याच आठवड्यात ते कामावर आले. "घरी कोण आहे रे आता? इथे स्वल्प वेळ तरी जातो," म्हणाले.

पुढे एका पट्टीवर बोटांचे गंजके ठसे उठले. प्रयोगशाळेचे साहेब थेट मला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

"त्याचे नाहीत, सर. माझे आहेत," अण्णा म्हणाले. "हात कापतात हल्ली. चिमटा धरवत नाही."

माझी नोकरी राहिली. अण्णांना साहेबांनी चांगल्या शब्दांत घरी विश्रांती घ्यायला सांगितलं. मी फाटकापर्यंत त्यांच्यासोबत गेलो, पण घरी निघालेल्या त्या माणसाचे आभार कसे मानायचे, ते मला कळेना.