तिसऱ्या दिवसाचा ईसीजी

मोठ्या भावाच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत होते. डॉक्टरांनी नवी गोळी दिली आणि तिसऱ्या दिवशी ईसीजी काढून आणायला सांगितले. ही गोळी काहींना मानवत नाही. ठोक्यानंतर हृदयाला सावरायला जास्त वेळ लागू लागतो आणि ते जिवावर बेतू शकते.

माझी मुलगी याच क्षेत्रात आहे. आधीचा ईसीजी दिला की औषधानंतरचा कसा येईल, हे तिच्या कंपनीतले एआय रेखाटून देते. नवी औषधे माणसांना देण्याआधी पारखण्यासाठी त्याचा उपयोग. मीच तिच्या मागे लागले. तिने भावाचा जुना ईसीजी घालून आलेले चित्र छापून दिले.

"आई, हा मामाचा नाही. नुसता अंदाज आहे."

मी वर्तमानपत्रात होते तेव्हा मतमोजणीच्या आधी आम्ही डेस्कवर दोन्ही निकालांच्या बातम्या लिहून ठेवायचो. दोन्हींवर लाल शाईने 'छापू नये' असायचे. या कागदावर मी काहीच लिहिले नाही. भुईगावला जाऊन भावाच्या हातात दिला आणि म्हणाले, "बघ, चांगला आलाय."

चौथ्या दिवशी आचोळ्याच्या माझ्या घरून फोन केला.

"दादा, ईसीजी काढलास?"

"आनखी कशाला? तुझ्या लेकीने काढलाय ना. फाइलला लावलाय."

"तो खरा नव्हता रे."

"मग दिलास कशाला, बाय?"

 चक्कर येते का, मी विचारले. केळीत वाकलो की येते, उन्हाची असेल, म्हणाला. गोळी सकाळीच घेतली होती.

रिक्षातून मी त्याला चार वेळा फोन केला. चौथ्यांदा तो वैतागला. "जिवंत हाय. ये आता."

त्याला घेऊन तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी फाइलमधला कागद उचलला. "हा कधीचा?" मी सगळे सांगितले. त्यांनी तो बाजूला ठेवला, नवा ईसीजी काढायला लावला, मोजला, पुन्हा मोजला. सावरण्याचा वेळ बराच वाढला होता. गोळी बंद केली आणि त्याला देखरेखीसाठी ठेवून घेतले.

मुलगी कामावरून थेट आली. दोन्ही कागद शेजारी धरून बराच वेळ बघत राहिली.

"मामा, हा खरा मी नेऊ?"

"तुझ्या मशीनला दाखवायला? ने. सांग त्याला, मामा असा हाय."

ती हसली नाही. खाटेशेजारच्या पडद्यावरचे आकडे बदलत होते. त्यातला वाईट कोणता, हे मला कळत नव्हते.

"बाय, बस जरा," भाऊ म्हणाला.

मी उभीच राहिले.