तोंतों म्हणजे कोण?

माझ्या फजित्या मी पाहुण्यांना हौसेने ऐकवतो. काकांच्या मयताला काकांनीच आमचं स्वागत केलं, ही त्यातली सगळ्यांच्या आवडीची. पण ती मी अर्धीच सांगतो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही बेटाच्या मधोमध, फिनिक्स गावात राहायचो. घरात फोन नव्हता. निरोप कोपऱ्यावरच्या चिनी दुकानदाराकडे यायचे. एका सकाळी त्याने मला हाक मारून क्रेओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या सगळ्यांच्या बोलीत, सांगितलं, "तुमचे तोंतों फार आजारी आहेत. लगेच या म्हणालेत." क्रेओलमध्ये काकाही तोंतों, मामाही तोंतों आणि बसमध्ये शेजारी बसलेला म्हातारासुद्धा तोंतोंच.

आईने विचारलं, "कंचा रं? काका का मामा?"

"काकाच गं. आणखी कोण?"

मी गणिताचा मास्तर, मला शंका कशी येणार? आमच्या घरात तोंतों म्हणजे काका. मामाला मात्र 'मामा'च म्हणायचं, हा आईचा दंडक. तिला अंगाखांद्यावर खेळवणारा तो थोरला भाऊ. त्याला असलं कुणालाही लागणारं नाव नको, म्हणायची.

उत्तरेला गुडलँड्सची बस धरली. आई वाटभर पदर तोंडाला लावून. काकांच्या अंगणात पाऊल टाकताच तिने हंबरडा फोडला. काका ओसरीत दालपुरी खात बसले होते. घास हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "वयनी, कोण गेलं?"

इथे पाहुणे पोट धरून हसतात आणि मी चहाचं बघायला उठतो.

कारण आईचा रडण्याचा आवाज एकदम थांबला. "माझा दादा," एवढंच म्हणाली आणि आल्या पावली फाटकाकडे वळली. मामा सूयाकला, बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. बस बदलत बदलत पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि मामाला आंघोळ घालून ओसरीत ठेवलं होतं. मामी आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "बाय आली का, बाय आली का, एवढंच इचारत हुते."

चिनी दुकानदार नंतर म्हणाला, "फोन सूयाकचाच होता की. तू विचारलंस कुठं?"

आई मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दशक सरता सरता मी टीव्हीला जोडायचा छोटा संगणक घेतला. मेंदूतल्या मज्जातंतूंच्या जाळ्यासारखी रचना करता येते, असं एका मासिकात वाचलं होतं. त्या जाळ्याला नियम सांगायचे नाहीत, नुसती उदाहरणं दाखवत राहायची. दाखवाल तसे आतले धागे बळकट होतात किंवा सैल पडतात. मी असं एक चिमुकलं जाळं केलं आणि त्याला आमच्या घरातली बोली दाखवली: कोण कुणाला काय म्हणतं. मग विचारलं, तोंतों आजारी, म्हणजे कोण? उत्तर आलं, काका. अगदी माझ्यासारखं ठाम.

ते पुसलं आणि त्याच जाळ्याला मामाच्या गल्लीतली बोली दाखवली, जिथे सगळेच तोंतों. आता उत्तर आलं, अर्धं काका, अर्धं मामा. ज्याला ठरवता येत नाही तो निदान विचारतो तरी! जाळं तेच, फक्त घर बदललं होतं. मला त्या सकाळी प्रश्नच सुचला नाही, कारण माझ्या घराने तो सुचायला जागाच ठेवली नव्हती.

मी इतका हरखलो की आईला हाताला धरून टीव्हीपुढे बसवलं. सगळं समजावलं. शेवटी म्हणालो, "बघ आई, चूक माझी नव्हती. आपल्या घराच्या वळणाची होती."

"म्हंजी माझी," ती पडद्याकडे बघत म्हणाली.

"तसं नाही गं..."

"मामाला मामा म्हना, ह्ये मीच शिकिवलं ना? तोंतों म्हनू दिलं असतं तर तू इचारलं असतंस. मी दादाला जित्ता बघितला असता."

मी यंत्र बंद केलं. काय काय बोलत राहिलो, आठवत नाही. ती तांदूळ निवडायला गेली.

पुढच्या रविवारी बायकोचा भाऊ आला. माझी मुलगी "तोंतों, तोंतों" करत त्याच्याकडे धावली. एरवी आई लगेच आतून ओरडायची, "मामा म्हन गं, मामा!" मी स्वयंपाकघराकडे कान लावून थांबलो.

आतून विळीचा आवाज येत होता. तो चालूच राहिला.