शेळगावात कृष्णविवरं आणि लांबलेलं लग्न

नव्वदच्या दशकात मी पुण्यात पीएचडी करत होते. दिलीपशी लग्न ठरलं होतं. त्याचे वडील, आबा, यांचा निरोप आला : "पोरीला घिऊन ये. सून आकाशात काय करती ते गावाला कळू दे." मला परदेशात दोन वर्षांचं काम मिळालं होतं, हे फक्त दिलीपला माहीत होतं. आबांना तेही सांगू, असं ठरवून मी निघाले.

स्वारगेटहून बारामतीची एसटी धरली. दिलीप तिथल्या एमआयडीसीत नोकरीला. मोटरसायकल घेऊन स्टँडवर उभाच होता. पुढे इंदापूर रस्त्याने त्याचं गाव, शेळगाव. उसाच्या हंगामात जाणार असाल तर ट्रॉलीच्या मागे राहू नका. बाहेर आलेली वाढी, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तोंडावर फटकारतात.

संध्याकाळी देवळापुढे गाव जमलं. शाळेतून प्रोजेक्टर आणला होता. मी बोलायला उभी राहिले आणि लाइट गेली.

मग आबा, त्यांची बहीण आक्का आणि दिलीप यांना तीन कोपऱ्यांत उभं केलं, हातात दोरी दिली. "ही तीन यानं. अंतराळात एकमेकांपासून लाखो किलोमीटर लांब. दोरीच्या जागी लेझर. दूर कुठं दोन प्रचंड कृष्णविवरं एक झाली की लहर उठते आणि ही अंतरं किंचित हलतात. तेवढं मोजायचं."

"मग हितंच मोजा की!" मागून कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर गेला. जमीन थरथरली, दिलीपने ड्रायव्हरला हात केला, दोरी सुटली.

"म्हणूनच वर जायचं!" मी म्हणाले. "विश्व लहान होतं तेव्हाच काही कृष्णविवरं अवाढव्य झाली होती. एवढ्या लवकर कशी वाढली, कोडंच आहे."

आक्कांनी विचारलं, "खाऊन वाढली का लगीन करून?"

सगळे हसले. मी मात्र उडालेच. "आक्का, तोच तर प्रश्न आहे! भोवतालचा वायू गिळून, की एकमेकांत मिसळून? त्यासाठीच मी दोन वर्षं परदेशी..."

जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"आन लगीन?" आबा म्हणाले.

"परत आल्यावर."

"दिल्या, तुला ठावं हुतं?"

"व्हय, आबा."

"आन मला हितं दोरी धरून हुबं केलंस!"

दोरी खाली ठेवून ते घरी गेले. आम्ही जेवायला बसलो. आक्का वाढत गेल्या आणि नको म्हणायचं धाडस नसल्याने मी भाकऱ्या खात गेले.

सकाळी आबांनी जीप काढली. मला एकटीलाच म्हणाले, "नरसिंहपूरला जायचं." वाटेत इंदापुरात भजी खाल्ली. नरसिंहाचं दर्शन झाल्यावर आम्ही भीमा-नीरेच्या संगमावर पायऱ्यांवर बसलो.

"मांडववाल्याला, आचाऱ्याला सांगून झालंय," आबा म्हणाले.

"चुकलंच, आबा. आधी सांगायला हवं होतं."

"त्यांना सांगीन फुडं ढकललं म्हणून. पर पाव्हण्यांना काय सांगू? सून भोकात गेली?"

"विवरात म्हणा."

"त्ये तर आनखी वंगाळ!"

आम्ही दोघंही हसलो. मग ते पाण्याकडे बघत म्हणाले, "मला त्यातलं काय कळलं न्हाय. पर बोलताना तुजं त्वांड उजळलं हुतं. जेवताना पार इझलं. माज्या घरात आसं इझल्यालं त्वांड नगं. जा तू."

पुण्यात माझ्या आईने लग्न पुढे गेल्याचं ऐकून कपाळाला हात लावला. मी गेले, काम केलं, परत आले. ती यानं अजून उडायची आहेत. तुम्ही जाणार असाल तर संगमावर सकाळीच जा, पायऱ्या तापायच्या आत. लग्न दोन वर्षांनी झालं. सासर मात्र मला त्या सकाळी, त्या पायऱ्यांवरच मिळालं.