प्रतिक्रिया तपासायचं स्टूल

...तर स्टुलापाशी थांबलो होतो आपण. काल बोलता बोलता माझा डोळा लागला, पण धागा सुटलेला नाही.

आमच्या स्वयंपाकघरात, सिंक आणि फ्रीजच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ते लाकडी स्टूल असतं. समोर टेबल, टेबलावर सूनबाईचा लॅपटॉप. एका निवृत्त वकीलसाहेबांचा ब्लॉग आहे. ते शहरातल्या प्रश्नांवर लिहितात, आणि त्याखाली लोक तोंडाला येईल ते लिहितात. ते सगळं चाळून मगच पुढे सोडायचं, हे सूनबाईचं काम. आता चाळणारे पुष्कळ असतील, पण हिची पद्धत मी उभ्या आयुष्यात कुठे पाहिली नाही. जरा तिखट प्रतिक्रिया आली की हाक येते, "बाबा, बसा." मी स्टुलावर बसायचं. मग ती माझ्या डोळ्यांत बघून सगळं मोठ्याने वाचणार, जणू ते मलाच लिहिलंय. माणसाच्या तोंडावर जे बोलवत नाही ते छापायचं नाही, एवढा एकच नियम.

गावच्या शाळेत मी सातवीपर्यंत शिकलो. मास्तरांनी जेवढी विशेषणं दिली त्याच्या दुप्पट मी या स्टुलावर बसून कमावली. देशद्रोही झालो, भाबडा झालो, सरकारचा चमचा झालो, आणि एका सकाळी तर दोन्ही बाजूंचा दलाल झालो. आमची ही ओट्यापाशी उभी राहून ऐकते आणि म्हणते, "चला, माझं काम हलकं झालं."

मागच्या महिन्यात वकीलसाहेबांनी नव्या नियमावर लेख लिहिला. परदेशातून कामाला आलेल्या लोकांचा परवाना संपला, की त्यांनी आधी देश सोडायचा आणि मग तिकडून पुन्हा अर्ज करायचा, असा नियम येऊ घातलाय. झालं. लाह्या फुटाव्यात तशा प्रतिक्रिया. सूनबाईचे गाल लाल, केसांत पेन खोचलेलं, चहा गार. मी स्टुलावरून उठायला मागेना. अहो, असली मजा मला दुसरीकडे कुठे मिळणार?

त्यात दोघं पट्टीचे. एक 'करवत', नियमाच्या बाजूने. दुसरा 'नवा भाडेकरू', नियमाच्या विरोधात. खरी नावं कुणाला ठाऊक नाहीत. करवतीने एकदा लांबलचक लिहिलं आणि शेवटी भाडेकरूला सुनावलं, "चंबूगबाळं उचला आणि चालू लागा." सूनबाईने ते माझ्याकडे बघून वाचलं आणि मला खदखदून हसू आलं. का नाही येणार? हे वाक्य मी रोज ऐकतो. टेबलावर पेपर पसरून बसलो की आमची ही हेच म्हणते, शब्दसुद्धा तेच. मी हसतोय म्हटल्यावर सूनबाईही हसली, आणि प्रतिक्रिया पास.

सकाळी उठून बघतो तर रणकंदन. भाडेकरूने एकच ओळ लिहिली होती, "हे मला आधीही म्हटलं गेलंय, आणि माझ्या पिशव्या जिन्यात फेकल्या गेल्यात." मग त्याच्या बाजूचे करवतीवर तुटून पडले, करवतीच्या बाजूचे त्यांच्यावर. वकीलसाहेबांचा फोन आला. आवाज कोर्टातला. "शनिवार संध्याकाळपर्यंत हे आवरलं नाही तर प्रतिक्रिया कायमच्या बंद. लोकांनी लेख वाचावा आणि गप बसावं."

प्रतिक्रिया बंद म्हणजे सूनबाईचं काम बंद. आणि काम गेल्याचं दुःख दुय्यम. तिने दोन वर्षं खपून लोकांना भांडायला शिकवलं होतं, तेच पाण्यात जाणार होतं. मी म्हटलं, "माझ्या हसण्याने झालं सगळं."

"नाही बाबा," ती म्हणाली. "मी चुकीच्या माणसाला स्टुलावर बसवलं."

मग तिने दोघांनाही शनिवारी घरी यायचे निरोप धाडले. करवतीला लिहिलं, की तुमचं वाक्य मी भलत्याच माणसाला वाचून दाखवलं, शनिवारी खरा माणूस माझ्या घरी येतोय, तेव्हा तुम्ही स्वतःच येऊन वाचा. मला वाटलं, कुत्रं फिरकायचं नाही. पण शनिवारी चार वाजता बेल वाजली.

करवत म्हणजे खरोखरच सुतार निघाला. पन्नाशीचा, कानावर पेन्सिल. आत आला, नमस्कार राहिला बाजूला, आधी स्टूल उलटं केलं. "कुणी बनवलंय हे? एक पाय आखूड आहे." खिशातून लाकडाची चकती काढून पायाखाली ठोकलीसुद्धा. तेवढ्यात भाडेकरू आला. आला कसला, आली. एका लाँड्रीत इस्त्री करणारी, तिशीची, सडसडीत, मनगटावर भाजल्याचा डाग. आम्ही सगळे तिला महिनाभर बाप्या समजत होतो. ती थेट स्टुलावर बसली. मी फ्रीजला टेकून उभा.

सुतार फोनवरून वाचू लागला. मालक बाहेरून आलेल्यांना कमी पगारावर ठेवतो, त्यामुळे आमचा पगार चार वर्षं जिथल्या तिथे आहे, वगैरे. ठणठणीत वाचत होता. शेवटच्या वाक्यापाशी थांबला.

"पुढे वाचा की दादा," ती म्हणाली. "मी वाचलंय ते."

"चष्मा विसरलो."

आमच्या हिने लगेच स्वतःचा चष्मा पुढे केला. अशा वेळी ती फार तत्पर.

सुतार म्हणाला, "हे तुम्हाला नव्हतं लिहिलं, बाई."

"मग कुणाला?"

"सगळ्यांनाच."

"सगळ्यांपैकी मीच आलेय."

सुताराने चष्मा काढून परत दिला. सूनबाईला म्हणाला, "तेवढी ओळ खोडा. बाकी अक्षर हलवायचं नाही. मी नियमाच्या बाजूचाच आहे, सांगून ठेवतो."

"आणि मी विरोधातली," भाडेकरू म्हणाली. "पण तुमच्या पगाराचं मला माहीत नव्हतं. आम्हा बाहेरून आलेल्यांना किती देतो तुमचा मालक?"

सुताराने आकडा सांगितला. तिने कपाळावर हात मारला. मग तिची पाळी. आता सुतार स्टुलावर. अजून न छापलेल्या उत्तरात तिने एका जागी त्याला 'कुजका ओंडका' म्हटलं होतं. तिथे येताच तिचा आवाज खाली गेला, पण सुतारच हसत सुटला. "ते राहू द्या. कारखान्यात मला सगळे हेच म्हणतात." सूनबाईने त्याच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि पास केलं. बघा, नियम म्हणजे नियम.

मग जे सुरू झालं, काय सांगू. मालकांवर कायदा हवा की येणाऱ्यांवर, यावरून दोघांची अशी जुंपली की चहा दोनदा झाला. हात टेबलावर आपटत होते, पण पिशवी उचलून जायचं नाव कुणी काढेना.

एवढ्यात वकीलसाहेबांचा फोन. सूनबाईने स्पीकरवर टाकला. मागे दोघांचा आवाज चढलेलाच. साहेबांनी विचारलं, "संध्याकाळ झाली. मिटलं का भांडण, की करू बंद?"

सूनबाई काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगतो:

"मिटलं कुठे, वकीलसाहेब, आत्ता कुठे नीट भांडायला लागलेत. बंद करू नका, आणि जमलं तर मला दुसरं एक स्टूल घेऊन द्या, सासऱ्यांना उभं राहावं लागतंय."