नवघरच्या फ्रीझरमधली बेगमी

ऋतुजा जाधव केबिनमध्ये आली तेव्हा तिच्या ओढणीआडून कोबीचं पान डोकावत होतं. मागोमाग तिच्या सासूबाई. त्यांच्या पिशवीत उरलेला कोबी.

"मॅडम, दूध कमी होत नाहीये. वाढतंय," ऋतुजा म्हणाली.

मीरा रोडच्या एका नर्सिंग होममध्ये मी लॅक्टेशन काउन्सेलर आहे, म्हणजे अंगावर पाजणाऱ्या आयांना मदत करते. बहुतेक जणी दूध येत नाही म्हणून येतात. थांबवायला येणाऱ्या थोड्या.

ऋतुजा एका बँकेत नोकरीला. प्रमोशनचं ट्रेनिंग लोणावळ्यात होतं, तिथेच राहायचं होतं आणि सोबत मूल चालणार नव्हतं. लेक तनू सव्वा वर्षाची, घरचं सगळं खाणारी. पाजणं थांबवायचं ऋतुजानेच ठरवलं होतं. दूध साचून छाती दगड झाली, ताप आला, तर ट्रेनिंग हुकणार आणि प्रमोशनही.

पहिल्या भेटीत मी नेहमीचा प्लॅन दिला होता. एकदम बंद करायचं नाही. दिवसातलं एक पाजणं सोडायचं, शरीराला सवय होऊ द्यायची, मग दुसरं. छाती घट्ट बांधायची नाही. जड वाटलं तर पंपाने थोडं काढायचं. दुखलं तर गार शेक. कोबीचं गार पान हा त्यातलाच प्रकार. त्याने बरं वाटतं, दूध आटत नाही. लाली, ताप किंवा दुखरी गाठ दिसली तर थेट डॉक्टर.

प्लॅन बरोबर होता. निकाल उलटा.

आमच्या डॉक्टर मॅडमनी चिमटा काढलाच. "काय सिस्टर, डेअरी काढताय का? गोळी लिहून देऊ?"

"थांबा हो मॅडम. आधी घर बघून येते."

नवघरला ऋतुजाच्या घरी गेले. चहा झाला. गार शेक कसा देताय ते दाखवा म्हटलं आणि आइस पॅक घ्यायला उठले. सासूबाई माझ्याआधी फ्रीजपाशी पोचल्या आणि पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"तुम्ही बसा. मी देते."

"काकू, मी घेते ना."

"वरचं नका उघडू. बोंबील आहेत. वास येईल."

मी उघडलं. बोंबील होते. त्यांच्यामागे ओलं खोबरं, आणि खोबऱ्यामागे दुधाची पाकिटं. एकावर एक, कप्पा भरून.

"आई!" ऋतुजा ओरडली. "तुम्ही तर सांगितलंत, काढलेलं दूध झाडांना घालते!"

"घातलं की. एकदा," सासूबाई म्हणाल्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आमच्या कोकणात मिरगाच्या आधी घर भरून ठेवतात. सुकट, तांदूळ, लाकडं. ही चालली लोणावळ्याला. पोरीची बेगमी नको करायला? आणि आईचं दूध काय मोरीत ओतायचं?"

"आणि मला म्हणाल्या, आत थेंब राहिला तर गाठ होते," ऋतुजा म्हणाली. "रोज शेवटच्या थेंबापर्यंत पंप लावून बसवतात."

दूध मागणीवर बनतं. छाती पूर्ण रिकामी झाली की शरीर समजतं, गिऱ्हाईक वाढलं. थोडं आत राहिलं की ते हळूहळू बनवणं कमी करतं. गाठीची भीती अगदीच खोटी नाही. म्हणून तर ताण जाण्यापुरतं काढायचं. रिकामं करायचं नाही.

"काकू, माल उठतोय तोवर कारखाना चालूच राहणार," मी म्हटलं.

"मग काढलेल्याचं काय? टाकणार नाही हां मी."

"टाकू नका. तनूला कपातून द्या. पण नवीन पाकीट भरायचं नाही."

सासूबाईंनी विचार केला. मग पंप उचलून स्वतःच्या कपाटात ठेवला.

त्यानंतर त्यांच्याइतका कडक सुपरवायझर मिळाला नसता. जड वाटलं तर ऋतुजाने हाताने थोडं काढायचं, आणि सासूबाई दाराशी उभ्या. "हलकं झालं? मग बस्स. ऊठ." दूध उतरत गेलं. दुखणं थांबलं. शेवटचं राहिलेलं रात्रीचं पाजणंही सुटलं. गोळी लागली नाही. ऋतुजा ठरल्या दिवशी लोणावळ्याला गेली.

तनूने कपातल्या दुधाचा पहिला घोट घेतला आणि फुर्र करून आजीच्या साडीवर उडवला. फ्रीझरमधल्या दुधाला कधी कधी साबणासारखा वास येतो. ते खराब नसतं, पण मुलांना हे पटवणं अवघड. सासूबाईंनी एक चमचा स्वतः चाखला आणि नातीची बाजू घेतली.

आता दूध थांबवण्याची केस आली की मी आईची चौकशी नंतर करते. आधी विचारते, घरातला फ्रीझर कोणाच्या ताब्यात आहे.