फौजदाराच्या बटा

मी सव्वीस वर्षं कुइक्कापेराच्या कच्च्या रस्त्यावर टपाल वाटलं, त्यामुळे त्या रस्त्याबद्दल मला कोणी शहाणपण शिकवू नये. माझ्या कमरेचा फोटो काढा, चारही किलोमीटर त्यात दिसतील. सगळ्यात जास्त छळलं ते फौजदाराच्या बटांनी. कच्च्या रस्त्यावर एकामागून एक आडव्या लाटा उठतात ना, त्यांना आम्ही फिनलंडमध्ये हेच म्हणतो. कुठल्या फौजदाराचे केस इतके कुरळे होते देव जाणे! मी मात्र मेल्याच्या डोक्यावरून रोज गाडी नेली.

या रस्त्याच्या पार टोकाला हेलिना पाकारिनेन राहते. वय सत्तावन्न, घरात एकटी, गोठ्यात अठरा गाई. गाईंशी तासन्‌तास गप्पा, पण माणसाशी बोलायचं म्हणजे तिच्या जिवावर येतं. नऊ वर्षांची असताना बापाने तिला ट्रॅक्टरवर बसवलं, ती अजून उतरलेली नाही असं आम्ही म्हणतो.

त्या वर्षी मे महिन्यात मी तिच्याकडे बसायला गेले होते. दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर रेइनो अंगणात उतरला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"हेलिना, डेअरीचा निरोप आहे," तो म्हणाला. "जूनच्या तीस तारखेपर्यंत रस्ता सुधारला तर बरं, नाहीतर त्या दिवसापासून टँकर आत येणार नाही. सगळे नटबोल्ट ढिले होतात गं. दूध तू डांबरी रस्त्यापर्यंत आणायचंस."

"कशातून? बादल्यांतून?" मी कडाडले.

टँकर बंद म्हणजे गाई विकणं आलं, हे तिघांनाही कळत होतं. हेलिना गोठ्यात गेली आणि म्हाताऱ्या मान्सिक्कीचं कपाळ खाजवत उभी राहिली.

"बाई गं, रड तरी," मी म्हटलं.

"रडून रस्ता सपाट होत नाही," ती म्हणाली.

आमच्याकडे असा रस्ता त्यावर राहणाऱ्या घरांचा असतो, देखभालही त्यांचीच. आमच्या रस्तेमंडळाचा अध्यक्ष उर्पो. त्याच्या नव्या ट्रॅक्टरला मागे तीन मीटरचं लालभडक पातं. जूनमधला पहिला उन्हाचा शनिवार धरून सगळे दंताळी घेऊन जमायचे, उर्पो ऐटीत पातं फिरवायचा, कडेला सॉसेज भाजले जायचे. संध्याकाळी रस्ता टेबलासारखा गुळगुळीत, आणि बुधवारी बटा परत हजर. मग शहरातल्या पाहुण्यांच्या गाड्यांना शिव्या घालायच्या. वर्षानुवर्षं हेच चाललेलं, आणि मीही त्यातलीच.

त्या वर्षीच्या बैठकीत मी वेलदोड्याचा पाव कापत होते, तोच हेलिना उभी राहिली. तीस वर्षांत पहिल्यांदा!

"पातं नको, लाना पाहिजे," ती म्हणाली. लाना म्हणजे ट्रॅक्टरमागे रस्त्यावरून घासत ओढायची लोखंडी चौकट. "आणि शनिवार नको. पाऊस पाहिजे."

"पाऊस?" उर्पो खो खो हसला. "अगं, रस्ता करायचाय की चिखल तुडवायचाय? आणि पावसात सॉसेज कोण भाजणार, तुझ्या गाई?"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

"तुझं पातं ट्रॅक्टरच्या शेपटीला बांधलेलं," हेलिना शांतपणे म्हणाली. "ट्रॅक्टर लाटेवर चढला की पातंही वरखाली होतं. कोरडी माती नुसती वर पसरते, खाली लाट तशीच. उर्पो, तू फौजदाराच्या बटा विंचरतोस. त्या मुळासकट भादरायला हव्यात."

आता मात्र हशा तिच्या बाजूने झाला. उर्पोचं तोंड त्याच्या पात्यासारखं लाल. "आण मग तुझी लाना!" तो म्हणाला. "रस्त्याची वाट लागली तर तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी मीच तिला तालुक्याला अवजारांच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने आधी एक लोखंडी पेटी दाखवली. "ही माती पोटात धरते, खड्डे भरते," तो म्हणाला. हेलिनाने मान हलवली. "खड्ड्याला ठीक आहे. पण आखूड आहे, लाटेत बुडेल." मग ती लानापाशी थांबली. दोन लांब घसरपट्ट्या, त्यांच्यामध्ये तिरकी बसवलेली दोन पाती आणि पुढे माती उकरायचे दाते. हेलिनाने पट्ट्या पावलांनी मोजल्या. एका वेळी चार बटांवर टेकली पाहिजे, म्हणजे उंचवटा कापला जाईल आणि खळगा भरेल, असं तिचं गणित. दुकानदार सगळ्यात रुंद लाना गळ्यात मारायला बघत होता. "माझा ट्रॅक्टर म्हातारा आहे," ती म्हणाली. "त्याच्या चाकांच्या खुणा झाकल्या की बास." मग चर्चला जायचा कोट अंगात असताना ही बया सरळ लानाखाली आडवी झाली. पाती झिजली तर उलटवता येतात का, पुढचे दाते खाली सोडता येतात का, सगळं हाताने चाचपून मगच बाहेर आली.

लाना आली, पण पाऊस येईना. अकरा दिवस आभाळ कोरं करकरीत. उर्पो रोज सायकलवरून जाताना ओरडायचा, "काय हेलिना, ढगांना पत्र टाकलंस का?" मी तिला म्हटलं, निदान थोडंसं तरी करून बघ. तिने रस्त्यातली मूठभर माती दाबली, उघडली, भुगा वाऱ्यावर उडाला. "नाही," ती म्हणाली. तारखा सरत होत्या आणि मला झोप लागत नव्हती.

बावीस तारखेला, मंगळवारी पहाटे, पाऊस आला. सकाळचं दूध काढून हेलिनाने माती दाबली. गोळा वळला. तिने दाते खाली सोडले आणि पार लाटांच्या बुडापर्यंत रस्ता उकरत निघाली. अहो, बटाट्याचं वावर झालं नुसतं! लोक छत्र्या घेऊन बाहेर आले. "सत्यानाश केला बाईने!" उर्पो कपाळ बडवत म्हणाला.

पण मग तिने दाते वर घेतले आणि लाना टेकवली. माणूस चालतो त्याच वेगाने, कडेकडून मधोमध माती ओढत, जा-ये, जा-ये. जेवायलासुद्धा उतरली नाही. संध्याकाळी रस्ता मध्ये चार बोटं उंच होता आणि पावसाचं पाणी दोन्ही बाजूंच्या चरांत पळत होतं.

"रस्त्याला पाठ हवी, उर्पो," ती खाली उतरून म्हणाली. "तू त्याचं पोट खपाटीला नेलं होतंस."

बुधवार गेला, शनिवार आला, बटा नाहीत. पुढचा बुधवार उजाडायच्या आत उर्पो तिच्या दारात. "माझ्या अंगणापर्यंतचा तुकडा... तेवढ्यापुरती लाना मिळेल का?"

"पाऊस पडला की ये," हेलिना म्हणाली. हे ऐकायला मी जिवंत राहिले, भरून पावले!

तीस तारखेला मी सकाळीच तिच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलं. मधल्या खेपांना टँकर रात्रीच येऊन गेला होता, डेअरीने काय ठरवलं ते अजून कळलं नव्हतं. पूर्वी टँकर वळणापासून असा खडखडत यायचा की कॉफी संपवून बूट चढवायला वेळ मिळे. त्या दिवशी काहीच नाही. शांतता सोसेना म्हणून मी रेडिओ लावला. नऊ वाजले. सव्वानऊ. हेलिनाने कप खाली ठेवला.

"नाही आला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले.

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. बाहेर रेइनो, घामाघूम.

"अगं, बहिऱ्या झालात का दोघी? कधीचा हाका मारतोय! अर्धं दूध भरूनसुद्धा झालं!"

हेलिना हसली. इतकी मोठ्याने की गोठ्यातून मान्सिक्कीने ओ दिली. हसता हसता गालांवरून पाणी वाहत होतं, तेही तिने पुसलं नाही.

"पुढच्या खेपेला हॉर्न वाजवत येऊ का?" रेइनो म्हणाला.

"वाजव," ती म्हणाली. "दर खेपेला वाजव."